तुमच्या गावात मीठ कुठून येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तरुण लेखकाने दोन वर्षं खपून एक काल्पनिक जग उभं केलंय. अकरा राज्यं, चार हजार वर्षांचा इतिहास, तीन देव, दोन चंद्र, राजघराण्यांच्या वंशावळी आणि वाळवंटाच्या मधोमध एक लाख वस्तीची राजधानी. घरोघरी मंत्राचा न विझणारा दिवा. यावर कादंबरी लिहायची आहे आणि मित्रांबरोबर फासे टाकून खेळायचा खेळही करायचा आहे, ज्यात प्रत्येक जण एक पात्र होऊन त्या जगात फिरतो. पण वाचणारे आणि खेळणारे दोघंही म्हणतात, "भारी आहे, पण खोटं वाटतं." चुकतंय कुठे, आणि नकाशासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी वीसेक वर्षं हा उद्योग करतोय. आधी कथा लिहिल्या, मग मित्रमंडळींत खेळ चालवले, पुढे पोटासाठी मोबाइल गेमची जगं लिहिली. तुमच्यासारखी वही माझ्याकडेही होती. तिच्यात सात राज्यं होती आणि प्रत्येक राजाच्या तलवारीला नाव होतं. एका रविवारी खेळात माझी मंडळी डोंगरातल्या एका खेड्यात मुक्कामाला थांबली. त्यांच्यातली एक किराणा दुकानदाराची मुलगी. तिने सहज विचारलं, "या गावात मीठ कुठून येतं?"

मी म्हटलं, "व्यापारी आणतात."

"कुठून?"

"लांबून."

"बैलावर घालून की डोक्यावर? आणि भाव काय?"

वही उलटीपालटी केली. तलवारींची नावं सापडली, मीठ काही सापडलं नाही. सगळे हसले आणि खेळ तिथेच बसला. घरी येताना मला राग आला होता तो तिचा. दोन दिवसांनी कळलं की माझ्या सात राज्यांत कोणी जेवतच नव्हतं.

तुमची वही मी पाहिलेली नाही, पण यादीवरून वाटतं की तुमच्याकडेही कोणी जेवत नसावं. तुमच्या जगात तपशील भरपूर आहेत. ते एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून खोटे वाटतात. तीन देव काढून चार केले तरी राजधानीतल्या कुणाच्या जेवणात फरक पडणार नाही. खऱ्या जगात एक वीट हलवली की शेजारची हलते.

मी आता कामाला बसतो ते एका खेड्यापासून. राज्य नाही, खंड नाही. एक खेडं घ्यायचं आणि तिथे न मिळणारी, पण रोज लागणारी एक वस्तू निवडायची. मीठ सगळ्यांत सोयीचं, कारण ते प्रत्येकाला लागतं आणि बहुतेक ठिकाणी पिकत नाही. मग त्या वस्तूची वाट उलटी चालत जायची.

आपल्याकडे ही वाट अजून पायांनी चालता येते. कोकणातल्या मिठागरांतलं मीठ, सुकी मासळी, नारळ घाटावर चढत आणि देशावरचं धान्य खाली उतरत असे. मध्ये सह्याद्रीचा कडा. तो कुठेही चढता येत नाही, म्हणून वाटा ठरावीक. वाटा ठरावीक, म्हणून त्यांच्या तोंडाशी बसून पैसे घेता येतात. जुन्नरजवळच्या नाणेघाटात आजही एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. तिथल्याच लेण्यात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. तिने केलेले यज्ञ आणि दान दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापणांचे (त्या काळच्या नाण्यांचे) आकडे त्यात आहेत. जीवधन किल्ला या घाटावर नजर ठेवून बसलेला. मीठ, कडा, घाट, जकात, राणीचं दान, किल्ला. सुरुवात मिठाच्या पुडीपासून केली आणि राजवाड्यापर्यंत पोचलो. तुम्ही राजवाड्यापासून निघालात, त्यामुळे खाली उतरायला वाटच राहिली नाही.

या वाटेवर चालताना एकेका वळणावर माणूस भेटतो. मीठ कोण वाहतो? आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर लमाणांचे तांडे करत. हजारो बैल, सोबत बायकापोरं, आणि माल लष्करालाही पुरवत, त्यामुळे लढाईतल्या दोन्ही बाजूंना त्यांची गरज. असा एक समाज तुमच्या जगात आला की कथानकं मागावी लागत नाहीत. दोन राज्यांत युद्ध पेटलंय आणि दोघांनाही धान्य पुरवणारा तांडा मध्ये उभा आहे, एवढ्यावर पाच रविवार खेळ चालतो. हे मी करून बघितलंय.

आता तुमची राजधानी. वाळवंटात एक लाख माणसं. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं तर रोज ५० टन लागतं. एका बैलाच्या पाठीवर १०० किलो, म्हणजे रोज ५०० बैल वेशीतून आत यायला हवेत. सुपीक मुलूख दहा दिवसांच्या वाटेवर असेल, तर जाणारे-येणारे मिळून कुठल्याही क्षणी १०,००० बैल रस्त्यावर. त्यांना वाळवंटात चारा आणि पाणी कोण देणार? हे गणित एका कागदावर पाच मिनिटांत होतं आणि शहराचा निकाल लावतं. घाबरू नका, शहर पाडायचं नाही. गणित अडलं तिथेच गोष्ट असते. शहर जगतंय, तर कसं जगतंय? नदी आहे का, जिच्यातून होड्या येतात? भूगर्भात पाणी आहे का? १६१०च्या सुमारास मलिक अंबरने खडकी वसवलं, आजचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हा डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणलं. हा माणूस गुलाम म्हणून हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाकणारा. कादंबरीत असं पात्र घातलं असतं तर संपादकाने "फारच होतंय" म्हणून खोडलं असतं. तुमच्या राजधानीतही नहर असेल, तर ती कुठून येते हे माहीत असलेली माणसं किती? त्यांना शहराबाहेर जायची परवानगी असते का? नहर कोरड्या पडल्या तर पहिला संशय कुणावर जातो? वंशावळीच्या चाळीस पानांपेक्षा मला ही तीन उत्तरं आवडतील.

अंतराचंही असंच. नकाशावर बोट ठेवून "सैन्य आठवड्यात पोचलं" असं लिहिणं सोपं. मोठा जमाव पायी किती चालतो, याचा आपल्याइतका चांगला अंदाज फार थोड्या लोकांना असेल. आळंदीहून पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, आणि माउलींची पालखी तिथे पोचायला तीन आठवड्यांच्या आसपास घेते. मुक्काम, विसावे, रिंगण सगळं धरून रोजचे बारा-तेरा किलोमीटर. एकटा तरणाबांड माणूस दिवसाला पस्तीस-चाळीस चालेल, पण हजारोंच्या सोबत म्हातारे, सामान, स्वयंपाक आणि झोप असते. तुमच्या सेनापतीचं सैन्य वारीच्या दुप्पट वेगाने जात असेल, तर त्याचं कारण मला पानावर दिसलं पाहिजे आणि त्याची किंमतही. मागे काय टाकलं? कुणाची घोडी मेली?

नकाशाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर सगळेच लिहितात. दोन गोष्टी सांभाळा. नद्या एकमेकींना मिळतात, वाटेत सहसा फुटत नाहीत. फुटतात त्या समुद्राजवळ, गाळाच्या सपाटीवर. दुसरी गोष्ट, डोंगराची एक बाजू भिजते आणि दुसरी कोरडी राहते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईत आलात की हजारसुद्धा भरत नाही. मध्ये अंतर तीसेक किलोमीटर. नकाशावर अंगठ्याखाली झाकेल एवढ्या जागेत भात खाणारे आणि भाकरी खाणारे असे दोन मुलूख तयार होतात. शिवाय कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला, अरबी समुद्र तिथून जेमतेम पासष्ट किलोमीटर, पण बाई पाठ फिरवून चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. काल्पनिक नकाशात मी अशी नदी काढली असती तर कुणीतरी चूक काढलीच असती. कारण दाखवता आलं की विचित्र गोष्टही पटते. इथे कारण पठाराचा उतार.

आता ज्यात मला सगळ्यांत रस आहे त्याकडे येतो. तुमच्या जगातल्या "प्राचीन परंपरा".

साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्याकडे एकादशीला, संकष्टीला याहून सोवळा पदार्थ नाही. आज बाजारात मिळणारा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे तिकडचेच. हिरवी मिरची अमेरिका खंडातली. बटाटा घातलात तर तोही. १४९२ च्या आधी यातलं काहीही आपल्या किनाऱ्याला लागलेलं नव्हतं. उरलं तूप आणि जिरं. पण आजीला सांगून बघा की उपासाचा पदार्थ परदेशी आहे! गहू उपासाला चालत नाही, जो इथे हजारो वर्षं पिकतोय, आणि कालपरवा बोटीतून उतरलेला बटाटा चालतो. माझा अंदाज असा की उपासाला वर्ज्य असलेल्या धान्यांची यादी आधी ठरली होती, आणि नंतर आलेल्यांची नावं त्या यादीत नव्हतीच. नियमातल्या फटीतून ही मंडळी आत आली आणि देवघरापर्यंत पोचली.

परंपरा अशी घडते. तुमच्या वहीत "चार हजार वर्षांपासून सूर्यदेवाला पांढरं फूल वाहतात" असं असेल, तर मला ते कॅलेंडरच्या मागच्या पानासारखं वाटतं. त्याऐवजी ठरवा की ते फूल तीनशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी जहाजातून आलं, आधी कुंपणाला लावत, एका दुष्काळात दुसरं काही फुललं नाही म्हणून कुणीतरी ते वाहिलं, आणि आज पुजारी शपथेवर सांगतो की देवाच्या जन्माच्या वेळी आकाशातून हीच फुलं पडली. तुम्हाला खरं माहीत आहे, पुजाऱ्याला नाही. आणि एखाद्या दर्यावर्दीच्या नातवाला थोडंसं माहीत आहे, तो गप्प बसतो. झाली गोष्ट सुरू.

लोकांना आपला भूतकाळ चुकीचा माहीत असतो, हे विश्व रचणारे फार विसरतात. नाशिकची पांडवलेणी बघा. बौद्ध लेणी आहेत, सातवाहन आणि क्षत्रपांचे दानलेख भिंतींवर कोरलेले, पण नाव पडलं पांडवांचं. लेख वाचता येईनात तेव्हा लोकांनी आपल्याला माहीत असलेली सर्वांत मोठी नावं तिथे चिकटवली. अर्ध्या महाराष्ट्रात पांडवांनी एका रात्रीत काहीतरी खोदलेलं आहे. तुमच्या जगातल्या प्रत्येक पडक्या वास्तूविषयी दोन ओळी लिहा, एक खरी आणि एक गावात सांगतात ती. तुमचा चार हजार वर्षांचा इतिहास फेकू नका, फक्त पात्रांच्या हाती तो अर्धा आणि बिघडलेला पडू द्या.

भाषेच्या बाबतीत लोक एकदम व्याकरणच रचायला बसतात. हौस असेल तर जरूर बसा, पण वाचकापर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. गावांच्या नावांवर वेळ घालवलात तर दसपट फळ मिळेल. वडगाव, पिंपळगाव, बाभुळगाव म्हटलं की तिथलं झाड कळतं. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द म्हटलं की कळतं की इथे कधीकाळी फारसीत दफ्तर चालायचं, कारण थोरल्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द म्हणणारे शब्द तिथून आले. सत्ता जाऊन तीनशे वर्षं झाली, तरी एसटीच्या पाटीवर ती अजून आहे. पोर्तुगीज गेले आणि चावी, पाव, बिजागरी, अननस मागे ठेवून गेले. कुठल्या वस्तूंची नावं उसनी आली ते पाहिलं की कोण काय घेऊन आलं होतं ते उमजतं. तुमच्या जगात समुद्रापलीकडचे लोक एकदा येऊन गेले असतील, तर त्यांच्या भाषेतले पाचच शब्द ठेवा, तेही कुलूप, भांडं, कैदखाना असल्या वस्तूंचे. आणि नवा राजा आला तर तो शब्दांतही हात घालेल. शिवकाळात रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला गेला, फारसी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा, चौदाशेच्या आसपास शब्दांचा. त्यातले काही रुळले, पण दुकान, जमीन, बाजार हे शब्द आपण आजही तसेच वापरतो. दरबारात एक शब्द आणि बाजारात दुसरा, ही फट कथेला फार कामाची. कोण कुठला शब्द वापरतो यावरून त्याचा पक्ष कळतो.

म्हणी आणि वाक्प्रचार मी शेवटी करतो, पण करतो जरूर. "नावाला बट्टा लागला" हे आपण रोज बोलतो. बट्टा म्हणजे नाणं मोडताना सराफ कापून घ्यायचा ती रक्कम. अनेक टांकसाळींची, झिजलेली, निरनिराळ्या वजनांची नाणी बाजारात एकत्र चालत, तेव्हा प्रत्येक नाण्याचा बट्टा वेगळा असे. व्यवहार गेला, बोली उरली. कवडीमोल आणि दमडी तशाच. तुमच्या जगात जे नाणं, जे हत्यार, जो रोग दोनशे वर्षांपूर्वी संपला, त्याचा एखादा वाक्प्रचार पात्रांच्या तोंडी असू द्या. तो समजावून सांगू नका. आणि अकरा राज्यांत मिळून सोन्याचं एकच गोल नाणं चालत असेल, तर आधी ते मोडा. सराफ नावाचं पात्र फुकटात मिळेल.

आता न विझणारा दिवा. जादू असू द्या, मला वावडं नाही. पण जादू घरात आणली की तिच्यामुळे कुणाचं पोट मारलं गेलं हे बघायचं. दिव्याला तेल नको म्हणजे करंजेल आणि एरंडेल काढणारे घाणे थांबले. करंजाची पेंड खत म्हणून शेतात जात होती, ती बंद झाली. म्हणजे दिव्याचा परिणाम दोन वर्षांनी उसाच्या फडात दिसणार. रात्री उजेड फुकट झाल्यावर विणकराच्या मालकाने कामाचे तास वाढवले. चोरांनी धंदा बदलला. अंधार विकत मिळू लागला असेल का? श्रीमंतांच्या घरी जाड पडद्यांची झोपायची खोली, आणि गरिबाच्या पोराला काळोख म्हणजे काय हेच माहीत नाही. आणि भाषेतून "दिवेलागण" हा शब्द गेला. संध्याकाळच्या त्या वेळेला तुमच्याकडे काय म्हणतात? एवढं केलंत की तो दिवा शोभेची वस्तू राहणार नाही. एका चमत्कारामागे मी किमान तीन पिढ्यांचे परिणाम लिहून काढतो. जमलं नाही, तर चमत्कारच काढून टाकतो. निम्मे चमत्कार असेच गेले.

दोन चंद्रांचंही तेच. बंदरातल्या माणसाला चंद्र म्हणजे वेळापत्रक. आपल्याकडे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, आणि कोळ्याला ते घड्याळाशिवाय कळतं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा लोटतात. सण, हवामान आणि पोट एकाच दोरीत ओवलेले. तुमच्याकडे दोन चंद्र आहेत, तर दोघे एका रेषेत येतील तेव्हाचं उधाण साधं नसेल. खाडीकाठची गावं त्या दिवशी घरं सोडतात का? पंचांग कोण करतो, आणि त्याने एकदा चूक केली तेव्हा किती माणसं गेली? हे काही नको असेल तर एक चंद्र पुरे.

एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगायची आहे. नवख्यांच्या जगातली खेडी फार गोड असतात. लोहार, सुतार, कुंभार, सगळे आपापलं काम करताहेत, संध्याकाळी पारावर गप्पा. आपल्याकडची बलुतेदारी वाचून अशी खेडी रचलेली मी बरीच पाहिली आहेत. मी विचारतो, विहिरीवर पाणी कोण भरू शकत नाही? महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह सत्याग्रह करावा लागला. नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव आधीच झालेला होता, तरीही. कागदावर हक्क होता आणि पाणवठ्यावर नव्हता. तुमच्या राज्यात कायदा काय म्हणतो आणि काठावर उभा असलेला माणूस काय करतो, यांत अंतर ठेवा. ते अंतर नसेल तर सत्ता खरी वाटत नाही. आणि हे दुःख फक्त जगाला "वजन" यावं म्हणून वापरू नका. ज्याला पाणी नाकारलंय त्याला नाव, राग आणि विनोदबुद्धी द्या.

एवढं सगळं ठरवल्यावर वाचकाला सांगायचं किती? फार थोडं. आणि सांगायची रीतही एकच मला जमली आहे, ती म्हणजे गाऱ्हाणं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणी कुणाला समजावून सांगत नाही. पुण्यातला माणूस "आपल्या शहरातून वाहणाऱ्या मुठा नदीवरून" असं बोलत नाही, तो पुलावरच्या गर्दीला शिव्या घालतो. समजा तुमच्या मसुद्यात असं वाक्य आहे: "महायुद्धानंतर तीनशे वर्षांनी सम्राटाच्या राज्यात मीठकराचा कायदा अत्यंत कडक होता आणि चोरट्या व्यापाराला देहदंड होता." मी ते असं करेन:

म्हातारीने पुडी सोडली, चिमूट जिभेवर ठेवली आणि पुडी पुन्हा बांधली.
"निम्मी वाळू आहे. चौकीवरची ना?"
"हो."
"खिंडीतून आणायचीस की."
"खिंडीतून आणायला धाकटा गेलाय आजी. मागल्या अमावास्येला."

कर, भेसळ, चोरवाट आणि शिक्षा, चारही आलं. सम्राट आलाच नाही, त्याची गरज पडली तर येईल.

खेळाचं तंत्र थोडं वेगळं आहे. कादंबरीत वाचकाला तुम्ही हाताला धरून नेता, ज्या खोलीला कुलूप आहे तिथे नेतच नाही. खेळाडू मात्र नेमक्या त्याच दाराला लाथ मारतो. त्यामुळे खेळाच्या जगात सगळ्या खोल्या रंगवून ठेवायचा हट्ट धरलात तर आयुष्य संपेल. मिठाची वाट माहीत असली की न लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तरही तिथल्या तिथे निघतं, आणि मागच्या उत्तराशी जुळतं. कुणी विचारलं, "या गावात घोडा मिळेल का?" घाट अवघड आहे, घोडी चढत नाहीत, म्हणून बैल. बैल आहेत म्हणून नालबंद आहे, पण खोगीर करणारा नाही. उत्तर द्यायला तीन सेकंद लागतात, आणि खेळाडूला वाटतं की तुमच्या वहीत तीनशे पानं आहेत.

मोबाइल किंवा संगणकावरच्या गेममध्ये आणखी एक भानगड असते, पैशांची. एका गेमच्या चाचणीत आमच्या खेळाडूंनी दोन दिवसांत एवढे लांडगे मारून कातडी विकली की तिसऱ्या दिवशी सगळे लक्षाधीश. गावातला गरीब चांभार बिनबोभाट प्रत्येक कातडं विकत घेत होता. त्याच्याकडे पैसे कुठून आले, हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही, आणि मिठाच्या धड्याला तोवर सात वर्षं झाली होती. तेव्हापासून मी हिशेब नळ आणि मोरीचा ठेवतो. पैसा जगात कुठल्या नळांतून येतो आणि कुठल्या मोऱ्यांतून जातो. नळ चालू आणि मोरी तुंबलेली असली की भाव निरर्थक होतात. आम्ही घाटावर जकात बसवली, हत्यारं झिजायला लावली, चौकीदाराला चिरीमिरी खायला शिकवलं, आणि चांभाराच्या गल्ल्यात रोज मोजकेच पैसे ठेवले. गल्ला संपला की तो म्हणायचा, "आता बाजाराच्या दिवशी या." हिशेब जुळलाच, शिवाय लोक त्या चांभाराविषयी बोलायला लागले. त्याला आम्ही नावही दिलं नव्हतं, खेळाडूंनी दिलं.

तुम्ही आता काय करावं? अकरा राज्यं तशीच बासनात बांधून ठेवा. राजधानीपासून चार दिवसांच्या वाटेवर एक खेडं घ्या, तीस-चाळीस घरांचं. त्यातल्या एका घरात सकाळी चूल पेटते. सरपण कुणी आणलं, पाणी कुठून, पिठात काय, मीठ कुणाचं, आणि या चौघांपैकी कुणाची उधारी थकली आहे, एवढं लिहा. आठवडाभर दुसरं काही लिहू नका. मग त्या घरातला एक माणूस उधारी चुकवायला निघू द्या आणि तो ज्या रस्त्याने जाईल तेवढाच नकाशा काढा. राजा त्याला दिसेलच असं नाही. राजाचं नाणं दिसेल, राजाची चौकी दिसेल, राजाच्या नावाने रडणारं कुणीतरी दिसेल.

सॉफ्टवेअरचं विचारलंत. सुरुवातीला कुठलंच घेऊ नका. त्यांत डोंगर इतके देखणे उमटतात की खोडायचा धीर होत नाही, आणि पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला खूप खोडायचं आहे. शाळेच्या दुकानात चौकटीची वही मिळते, ती घ्या. एक चौकट म्हणजे बैलाची एक दिवसाची चाल. पेन्सिल मऊ घ्या.